पान तीनशे बारावरची सून

चूक अण्णांची होती. फणसोपकर कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीत, पान तीनशे बारावर, त्यांनी सुनेच्या जागी सुनेच्या भट्टीचं नाव दिलं, आणि पुस्तक छापून घरी आलं त्या दिवसापासून भट्टी त्या घरची सून झाली.

अण्णा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. वय त्र्याहत्तर, सांगलीत विश्रामबागेत स्वतःचा बंगला. घराण्यात कोण कोणाच्या पोटी जन्मलं, कोणाचं कोणाशी लग्न झालं, हे सगळं एका जाड पुस्तकात छापायचं काम त्यांनी निवृत्तीनंतर अंगावर घेतलं होतं. चौदा पिढ्यांचे मेलेले लोक त्यांना तोंडपाठ होते. जिवंत माणसांत त्यांना फारसा रस नव्हता. जिवंत माणसांनी फक्त चहा आणून द्यायचा.

ज्या दुपारी त्यांनी स्वतःच्या घरचा फॉर्म भरायला घेतला, त्या दुपारी त्यांची सून वैजयंती मागच्या शेडमध्ये भट्टी लावून बसली होती. वैजयंती सिरॅमिकचं काम करायची. चाकावर थाळे, वाडगे, सुरया घडवायच्या, त्यांवर ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, चढवायचा आणि गॅसच्या भट्टीत बाराशे चाळीस अंशांवर भाजायचं. भट्टी हजाराच्या पुढे गेली की तिच्याजवळून हलता येत नाही. अण्णांनी नेमकी तेव्हाच तीनदा हाक मारली. स्वयंपाकघर त्यांच्या खुर्चीपासून अकरा पावलांवर होतं आणि त्यांचे पाय धड होते. तिसऱ्या हाकेलाही कोणी आलं नाही, तेव्हा ‘सुनेचे नाव’ या रकान्यात त्यांनी ‘सौ. भट्टी’ असं लिहिलं. ‘माहेर’ या रकान्यात लिहिलं, ‘शिरोली औद्योगिक वसाहत’.

हा विनोद नव्हता. अण्णा विनोद करत नसत. त्यांना राग आला होता आणि पेन हातात होतं. पुढे प्रुफं तीनदा आली. तिन्ही त्यांनी स्वतः वाचली, एकेचाळीस ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि सौ. भट्टीला हात लावला नाही.

पुस्तक तीन जानेवारीला घरी आलं. चार जानेवारीला सकाळी साडेपाचला भट्टी आपल्या चाकांवरून शेडमधून निघाली, अंगण ओलांडून आली आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी थांबली. दार अडीच फुटांचं होतं आणि भट्टी सव्वातीन फुटांची. आठ वाजता सुताराला बोलावून चौकट काढून घेतली.

वैजयंती नेहमीप्रमाणे उठून कणीक मळायला गेली, तर सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, तिच्या हातातून परात काढून घेतली.

“अहो, तुम्ही बसा. पाहुण्यांनी ओट्याला हात लावायचा नसतो.”

“माई, मी वैजू.”

“हो ना. पण तुमचं नाव कुठंच नाहीये वृत्तांतात. मी दोनदा बघितलं. भट्टीचं आहे.” माईंनी पाट मांडला. “चहात आलं चालतं ना तुम्हाला?”

अकरा वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. आलं तिला चालत नव्हतं. तिने तसं सांगितलं आणि बिनआल्याचा चहा आला.

तिचा नवरा श्रीरंग तंत्रनिकेतनात शिकवायचा. तिने पुस्तक त्याच्यासमोर उघडून धरलं.

“तुझं लग्न कोणाशी झालंय, श्री?”

“कागदोपत्री?”

“कागदोपत्रीच सांग.”

त्याने पान वाचलं. “तारीख आपल्याच लग्नाची दिलीय गं.”

“भट्टी लग्नानंतर चार वर्षांनी आली.”

“अण्णांनी तीन प्रुफं वाचलीत,” श्रीरंग म्हणाला. तो बेचाळीस वर्षांचा होता. वडिलांसमोर त्याने आयुष्यात एकदाच ‘पण’ म्हटलं होतं, तेही ते झोपलेले असताना. “आणि वाईट काय आहे त्यात? तुला वेळच हवा होता ना? पुढची आवृत्ती पंचवीस वर्षांनी निघेल, तेव्हा करू दुरुस्ती.”

त्यांची नऊ वर्षांची मुलगी जुई हिची पुस्तकात नोंद होती, सौ. भट्टीच्या पोटी. तिने फार मनाला लावून घेतलं नाही. शाळेच्या डायरीवर पालकाची सही लागायची, ती आता भट्टी करायची. पानाला दार टेकवलं की तपकिरी डाग उमटायचा. बाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी चालवून घेतलं. “तुझी सही सारखी बदलते आई,” जुई म्हणाली, “हिची एकसारखी असते.”

पहिला आठवडा वैजयंतीच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला गेला. सकाळी नऊ ते दुपारी एक ती चाकावर बसायची आणि हाकच यायची नाही. पूर्वी एक थाळा घडवताना तीनदा उठावं लागायचं, आणि तिन्ही वेळा हात धुवावे लागायचे. आता हात सकाळी मातीत जायचे ते जेवायलाच बाहेर यायचे. नऊ दिवसांत तिचे अठ्ठेचाळीस नग झाले. त्यांवर तिने स्वतःचा ग्लेझ चढवला. कृष्णेला मोठा पूर आला तेव्हा बंगल्यात गुडघाभर गाळ साचला होता. सगळ्या गल्लीने तो शिव्या देत बाहेर फेकला. वैजयंतीने सात पोती भरून ठेवला. चाळून, राख मिसळून तिने त्याचा ग्लेझ केला होता. छोट्या तुकड्यावर तो उतरला होता, थाळ्यांवर अजून नव्हता. बाराशे चाळीसला तो वितळायचा आणि त्याच्या आत काय रंग आहे ते कळायचं. बाराशेला नुसताच चिखल दिसायचा.

अठ्ठावीस जानेवारीला टेम्पो यायचा होता. पुण्याच्या एका कलादालनात तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन होतं. दोनदा ते पुढे ढकललं गेलं होतं, एकदा माईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आणि एकदा चुलतसासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी. दालनाच्या बाईंनी फोनवर शांतपणे सांगितलं होतं, “वैजयंती, या वेळी नाही जमलं तर यादीतून नाव काढावं लागेल मला.” म्हणजे तिचं नाव आता त्या एकाच यादीत उरलं होतं.

सतरा तारखेला सकाळी तिने भट्टी भरली. भट्टीनेही सकाळचा स्वयंपाक उरकून घेतला होता. बर्नर लागले. चारशे अंशांवर बैठकीच्या खोलीतून आवाज आला.

“सूनबाई, चहा.”

भट्टीने बर्नर बंद केले आणि ती आत गेली. चहा झाल्यावर माईंना गुडघ्याला शेक हवा होता. शेक झाल्यावर सुपारी कातरायची होती. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा गार पडली.

एकोणीसला ती नऊशेपर्यंत पोचली. तेवढ्यात हळदीकुंकवाला बायका आल्या. घरची सून बाहेर आली नाही तर लोक काय म्हणतील, असा माईंनी निरोप पाठवला. अठ्ठेचाळीस भांडी पोटात घेऊन भट्टी बाहेर आली, अडतीस बायकांना वाण दिलं आणि अडतीस वेळा वाकली. प्रत्येक वाकण्याला आतून काहीतरी किणकिणत होतं. बायका म्हणाल्या, गुणाची आहे हो. शेडमध्ये परतून ती गार झाल्यावर दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा सहा थाळे तडकलेले होते. बेचाळीस उरले.

वैजयंती फुटलेले तुकडे बादलीत टाकत होती.

“वैजूताई,” भट्टी म्हणाली. तिचा आवाज विटांमधून यायचा, घोगरा. “मला बारा तास सलग मिळत नाहीत.”

“मला अकरा वर्षं नाही मिळाले.”

“माहीत आहे. मी इथून बघत होते. तुम्ही मला मध्येच बंद करून जायचात, तेव्हा मला वाटायचं, तुम्हाला माझा कंटाळा येतो.”

वैजयंतीने हातातला तुकडा खाली ठेवला. मग म्हणाली, “उद्या मंडळात जाऊन येते.”

कुलमंडळाचं कार्यालय गावभागात एका खोलीत होतं. तिथले चिटणीस भालचंद्र फणसोपकर सत्तरीचे होते, आणि समोर कोणी आलं की आधी त्याचं पान शोधायचे.

“नाव?”

“वैजयंती श्रीरंग फणसोपकर.”

त्यांनी सूची पाहिली. “अशी कोणी नाही.”

“तेच सांगायला आलेय. माझ्या जागी भट्टीचं नाव पडलंय.”

“पडलंय म्हणजे? घरातलं सगळं ती करते का?”

“करते.”

“वडीलधाऱ्यांचा मान राखते?”

“अडतीस वेळा वाकली परवा.”

“मग नोंद बरोबर आहे,” चिटणीस म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, नियमाचे होते. “तरी दुरुस्तीचा अर्ज असतो. विक्री न झालेल्या प्रतींत पट्टी चिकटवता येते. पण तो कुटुंबप्रमुखाने करायचा. तुम्हाला करता येणार नाही, तुम्ही कोणी नाही. आणि सातवा रकाना रिकामा चालत नाही.”

तिने अर्ज वाचला. सातवा रकाना होता, ‘चूक कोणाची’.

ती अर्ज घेऊन घरी आली आणि तिने तो अण्णांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावला, सातव्या रकान्यापर्यंत वाचलं आणि चष्मा काढला.

“हे बघा बाई,” ते म्हणाले. तिला आता तेही अहोजाहो करत. “मी तीन प्रुफं वाचली आहेत. छापलंय ते बरोबरच असणार.”

“अण्णा, तुम्हाला माहितीय मी कोण आहे.”

“माहीत असणं वेगळं, आणि नोंद असणं वेगळं.” त्यांनी हाक मारली, “सूनबाई, पाणी.”

तांब्या त्यांच्या हाताशी होता.

वैजयंती शेडमध्ये गेली. पाणी देऊन भट्टी मागोमाग आली. टेम्पो यायला सात दिवस होते.

“या घरात,” भट्टीने विचारलं, “सुनेला कोणी हाक मारत नाही असा एखादा दिवस असतो का?”

“नाही.” मग वैजयंतीला आठवलं. “पूर्वी होते. महिन्याचे चार. माई पाळी पाळायच्या. चार दिवस बाहेर बसायचं, कशाला शिवायचं नाही. लग्न झालं त्या वर्षी मी कडाकडा भांडले आणि तो नियम बंद पाडला.”

“आणि त्या चार दिवसांचं काय झालं?”

“काय होणार? त्या दिवसांतही पोळ्या करायला लागले. पोट दुखत असताना. जिंकले होते ना मी.”

भट्टीने थोडा विचार केला. “मग मी पाळते,” ती म्हणाली.

“अगं, घाण प्रथा आहे ती. मी उगीच भांडले नाही.”

“प्रथा मी केली नाही. पण या घराने सुनेसाठी चार दिवस ठेवलेत, ते फक्त तिथेच सापडतायत.”

बावीस तारखेला सकाळी सहाला भट्टी स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच थांबली आणि म्हणाली, “माई, मी आजपासून बाहेर आहे.”

माईंच्या हातातला झारा तसाच राहिला. अकरा वर्षं त्या येईल त्याला सांगत होत्या की हल्लीच्या पोरी काही पाळत नाहीत. आता एकीने पाळलं, तर त्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी पदराने डोळे पुसले. “शिरोलीकडची असून संस्कार आहेत हो,” असं त्या अण्णांना म्हणाल्या, आणि खडू घेऊन शेडच्या उंबऱ्याबाहेर स्वतः रेघ मारून आल्या.

“किती दिवस?” अण्णांनी विचारलं.

“चार. पाचव्या दिवशी न्हाऊन आत येईल.”

“आणि चहा?”

“तिच्या हातचा चालणार आहे का तुम्हाला? वृत्तांतात शुचिर्भूतपणावर दोन पानं लिहिलीत तुम्ही.”

“मग वैजयंतीबाईंना...”

“पाहुण्यांना?” माई म्हणाल्या. “आणि मला डॉक्टरांनी ओट्याशी उभं राहायला मनाई केलीय, ती पण तुमच्यासमोरच.”

श्रीरंगने कुकर लावला, जुईचा डबा भरला आणि साडेआठला तो तंत्रनिकेतनात गेला. अण्णा खुर्चीत बसून राहिले. कोणीतरी येईल अशी त्यांना खात्री होती, कारण आजवर कोणीतरी नेहमीच आलं होतं. दहा वाजता ते उठले.

शेडमध्ये सकाळी सातलाच बर्नर लागले होते. वैजयंती भट्टीपाशी स्टूल टाकून बसली होती. पाहुण्यांनी कुठे बसावं याचा नियम नव्हता. अकराला पाचशे झाले. दोनला साडेआठशे, साडेतीनला एक हजार. वही तिच्या मांडीवर होती, आणि त्या वहीत पहिल्यांदाच आकडे नुसते वर चढत होते, कुठेही खाली आले नव्हते. नऊशे ओलांडताना तिने सवयीने घराकडे पाहिलं. कोणी येत नव्हतं.

साडेपाचला अण्णा आले. रेघेच्या अलीकडे उभे राहिले. सदऱ्यावर दूध सांडलं होतं आणि उजव्या हाताच्या बोटाला फडकं बांधलेलं होतं.

“सूनबाई, साखर कुठं असते?”

भट्टीने उत्तर दिलं नाही. ती अकराशे नव्वदवर होती.

अण्णांनी वैजयंतीकडे पाहिलं. वैजयंतीला साखर कुठे असते ते चांगलं माहीत होतं. मधल्या फळीवर, बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात. पण ती पाहुणी होती आणि पाहुण्यांनी घरातले डबे उघडलेले नसतात.

“मला काय कल्पना अण्णा,” ती म्हणाली. “मी इथली नाही.”

अण्णा अजून थोडा वेळ उभे राहिले. रेघ ओलांडायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं, ती त्यांच्याच बायकोने खडूने मारलेली होती. पण त्यांनी आयुष्यभर इतरांसाठी रेघा मारल्या होत्या आणि आता ते रेघ मानणाऱ्यांत अडकले होते. ते परत गेले. नंतर आतून एकेक डबा उघडल्याचे आवाज येत राहिले. बाविसाव्या डब्याला ते थांबले.

सात वाजून दहा मिनिटांनी भट्टी बाराशे चाळीसला पोचली. वीस मिनिटं ती तिथे स्थिर राहिली. झरोक्यातून आतली भांडी पांढरट दिसत होती आणि त्यांच्या कडा ओघळत असल्यासारख्या हलत होत्या. वैजयंतीने बर्नर बंद केले.

“झालं?” भट्टीने विचारलं.

“झालं. आता गार हो सावकाश. घाई नाही कोणाला.”

“असं मला पहिल्यांदाच कोणी म्हटलं,” भट्टी म्हणाली आणि दीड दिवस बोलली नाही.

चोवीसला दुपारी दार उघडलं. बेचाळीसच्या बेचाळीस. पुराच्या गाळातून गडद हिरवा उतरला होता, आणि काठाशी जिथे ग्लेझ पातळ होता तिथे तांबूस सोनेरी. घरात गुडघाभर शिरलेलं तेच पाणी, पण आता ताटात वाढता येईल असं. जुईने एक वाडगा दोन्ही हातांनी उचलून कानाला लावला. “आवाज येतोय अजून,” ती म्हणाली. खरोखर येत होता. ग्लेझ निवताना बारीक टिणटिण करतो. माई रेघेपाशी आल्या, लांबूनच बघितलं, आणि रेघेच्या आत हात घालून एक थाळा मागून घेतला. “यात भोगीची भाजी काय छान दिसेल हो,” त्या म्हणाल्या. शिवाशिव त्यांच्या लक्षात राहिली नाही, आणि कोणी आठवणही करून दिली नाही.

पाचव्या दिवशी माईंनी भट्टीला न्हायला बादलीभर पाणी आणून दिलं. भट्टी अजून कोमट होती. थोडी वाफ झाली, इतकंच.

टेम्पो वेळेवर आला. वैजयंती पुण्याला सहा दिवस होती. पाहुणी असल्यामुळे तिला कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. ‘येते’ म्हटलं, त्यांनी ‘या’ म्हटलं. दालनाच्या बाईंनी पुढच्या वर्षीची तारीख तिथल्या तिथे लिहून घेतली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एका थाळ्यासमोर अर्धा तास उभं राहून विचारलं की हा रंग कुठला, आणि ती म्हणाली, “आमच्या बैठकीच्या खोलीतला.”

ती परत आली तेव्हा अण्णांच्या पुढ्यात दुरुस्तीचा अर्ज होता. भट्टीने पुढच्या महिन्याचे चार दिवसांवर कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवल्या होत्या, आणि अण्णांनी त्या पाहिल्या होत्या. सातवा रकाना रिकामा ठेवून त्यांनी अर्ज एकदा मंडळात पाठवला होता. चिटणीसांनी तो परत केला. मग त्यांनी ‘मुद्रक’ असं लिहिलं. तोही परत आला. तिसऱ्यांदा त्यांनी ‘माझी’ असं लिहिलं. अक्षर बारीक होतं, पण वाचता येत होतं.

“सही करा,” ते म्हणाले. “तुमची संमती लागते.”

“आणि हिचं काय?” वैजयंतीने भट्टीकडे बघितलं.

“हिचं नाव निघेल.”

“मग मी नाही करत सही. माझं बरं चाललंय.”

प्रकरण मंडळाकडे गेलं. चिटणीसांनी दोन रविवार वृत्तांत चाळला आणि निर्णय दिला. छापलेलं नाव काढता येत नाही, पण पुढे जोडता येतं. एका मुलाच्या नावापुढे दोन सुना दाखवायला हरकत नाही, कारण पान चौऱ्याण्णववर मूळपुरुषाच्या नातवापुढे तीन दाखवल्या आहेत आणि त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही. त्याप्रमाणे पट्टी छापली गेली. सौ. भट्टी, थोरली. सौ. वैजयंती, धाकटी, व्यवसाय सिरॅमिक. ‘व्यवसाय’ हा रकाना सुनांसाठी पूर्वी नव्हता. तो वैजयंतीच्या सहीची अट म्हणून घातला.

ती धाकटी झाली याचं तिला वाईट वाटलं नाही. माईंनी पुन्हा तिला ‘अगं’ म्हणायला सुरुवात केली, पण चहात आलं काही घातलं नाही. घरातलं काम दोघी जावांनी वाटून घेतलं. महिन्याचे चार दिवस दोघी एकदमच बाहेर बसू लागल्या, शेडमध्ये, रेघेच्या आत. एकीचे दिवस आले की दुसरीचेही त्याच तारखेला यायचे. पुढे चाराचे सहा झाले, मग दर गुरुवारही त्यात आला. माईंनी कारण विचारलं नाही. नियम त्यांचाच होता आणि तो घरात एवढा कधीच पाळला गेला नव्हता. त्या दिवसांत श्रीरंग सकाळचं सगळं करतो. दोनला जुईला शाळेतून आणणं, भाजी निवडणं आणि चारपर्यंत घर राखणं अण्णांकडे आहे.

अण्णांची दुपारची झोप गेली.